कापसाची वाट : जलंब–खामगाव लोहमार्ग आणि बुलढाणा जिल्हा

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचताना बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर असू द्यावा. जिल्ह्याच्या मधोमध अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड गेलेली दिसेल. तिच्या उत्तरेला पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव आणि जळगाव जामोद ही गावे या भागात येतात. दक्षिणेला उंच पठार असून त्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा आहेत. जिल्ह्यातील माणूस या दोन भागांना 'घाटाखाली' आणि 'घाटावर' असे म्हणतो. जुन्या कागदपत्रांत पायनघाट आणि बालाघाट ही नावे आढळतात.

आता त्याच नकाशावरील लोहमार्ग पाहा. मुंबईकडून येणारा मार्ग भुसावळनंतर मलकापूरला जिल्ह्यात शिरतो आणि नांदुरा, जलंब, शेगाव असे टप्पे घेत अकोल्याकडे निघून जातो. जलंबपासून एक आखूड फाटा दक्षिणेला खामगावपर्यंत येतो आणि तेथेच संपतो. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. त्यांपैकी ज्यांच्या मुख्य गावी रेल्वे स्थानक आहे असे तालुके चारच, आणि चारही घाटाखालचे. खुद्द जिल्ह्याच्या मुख्यालयी रेल्वे नाही. प्रस्तुत लेखात आपण या रेषेचा इतिहास पाहणार आहोत. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी ओढली हे समजल्याशिवाय जिल्ह्याच्या दोन भागांतील आजचे अंतर समजत नाही.

रेल्वेपूर्वीचा कापूस

वऱ्हाडातील काळ्या जमिनीत कापूस शतकानुशतके पिकत आला आहे. परंतु तो दूर नेणे कठीण होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई, किंवा खानदेशातून सह्याद्रीचे घाट उतरून मुंबईला पोहोचे. दोन्ही प्रवास महिनोन्‌महिन्यांचे. बैलाच्या पाठीवरची बोरी प्रत्येक मुक्कामी खाली उतरायची आणि पुन्हा चढायची. वाटेत धूळ बसायची, अवकाळी पाऊस भिजवायचा, सरकी आणि कचरा मिसळलेला असायचा. मुंबईच्या बाजारात हा माल पोहोचेपर्यंत त्याची प्रत उतरलेली असे. गाडीवाटा सुधारल्यावर बैलांची जागा बैलगाड्यांनी घेतली, तरी पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाड्यांची चाके धरून ठेवी. कापूस वेचणीला आल्यापासून पुढचा पावसाळा लागेपर्यंत जे काही हलवता येईल ते हलवायचे, असा हा व्यवहार होता.

या व्यवहारात खामगावचा उदय झाला. 1820 च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने मांडली. तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस असा तो व्यापार होता. खामगाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. घाटावरून उतरणारा माल आणि पूर्णेच्या खोऱ्यातील माल या दोहोंना ते ठिकाण सोयीचे पडे. पाहता पाहता ते वऱ्हाडातील कापसाची सर्वांत मोठी पेठ बनले.

राजकीय परिस्थितीही ध्यानात ठेवावी. वऱ्हाड हा हैदराबादच्या निजामाचा मुलूख. 1853 च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या स्वाधीन केला. सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचे, कारभार आणि महसूल मात्र इंग्रजांच्या हाती, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. इंग्रजी दप्तरात या प्रदेशाचे नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे पडले. याच 1853 साली 16 एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, आणि त्याच महिन्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने हिंदुस्थानातील रेल्वेविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. वऱ्हाड ताब्यात येणे आणि रेल्वेचे धोरण ठरणे या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. दोहोंमागे कापूस हे एक सामाईक कारण होते, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे.

मुख्य मार्ग आणि हमीची पद्धत

ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजेच लोकांच्या तोंडची 'जी.आय.पी.', ही लंडनमधील भागधारकांची खासगी कंपनी होती. 1849 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. या कराराने कंपनीला जमीन विनामूल्य मिळाली आणि गुंतविलेल्या भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी मिळाली. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायची होती. यालाच 'हमीची पद्धत' म्हणतात. तिचा अर्थ नीट लक्षात घ्या : नफ्याचा धनी लंडनचा भागधारक आणि तोट्याचा धनी येथील करदाता शेतकरी. खर्च काटकसरीने करण्याचे कोणतेही कारण अशा व्यवस्थेत कंपनीला उरत नाही, आणि झालेही तसेच.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मँचेस्टरची नजर हिंदुस्थानकडे, विशेषतः वऱ्हाड आणि गुजरात यांच्याकडे वळली. कापसाचे भाव चढत गेले. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. या प्रदेशाची जी समृद्धी तीत अभिप्रेत आहे, ती त्या काळी पांढऱ्या बोंडातून येत होती. अर्थात कुऱ्हाड ही सोन्याची असली तरी कुऱ्हाडच असते, हे पुढच्या पिढ्यांना कळले.

याच दशकात जी.आय.पी.ने थळ घाट ओलांडला, खानदेश पार केला आणि पूर्णेच्या खोऱ्यातून रूळ टाकीत 1867 मध्ये नागपूर गाठले. वऱ्हाडातील बांधणीत सह्याद्रीसारखे बोगदे नव्हते, पण वेगळ्या अडचणी होत्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला भराव स्थिर राहत नाही. शिवाय डोंगरातून निघून पूर्णेला मिळणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या मार्गाला आडव्या येतात. उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या या नद्यांना पावसाळ्यात अचानक पूर येतात, म्हणून लहान पात्रांवरही भक्कम पूल बांधावे लागले. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान 'बिस्वा ब्रिज' नावाचे एक लहानसे स्थानक आहे. त्याच्या नावात पूल अजून जपलेला आहे.

मार्ग खोऱ्यातून का गेला, याचे उत्तर भूगोलात सापडते. भुसावळहून नागपूरकडे जाण्यास हीच सर्वांत सपाट आणि कमी खर्चाची वाट होती, आणि कापसाची जमीनही हीच. भूगोल आणि व्यापार येथे एकमेकांस अनुकूल होते. घाटावर चढण्याचा विचार करण्याचे कंपनीला प्रयोजनच नव्हते.

येथे इतिहासाची एक गंमत नोंदवली पाहिजे. रेल्वे वऱ्हाडात पूर्णपणे पोहोचली तेव्हा तेजी संपून गेली होती. 1865 मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबले, भाव कोसळले, आणि मुंबईतील सट्टेबाजीचा फुगा फुटून कित्येक पेढ्या बुडाल्या. ज्या तेजीसाठी घाई झाली, तिचा लाभ रुळांना फारसा मिळाला नाही. पण रूळ उखडून नेता येत नाहीत. ते राहिले, आणि त्यांना माल पुरविण्यासाठी कापसाचे क्षेत्र वाढत राहणे आवश्यक झाले.

आठ मैलांचा फाटा

मुख्य मार्ग खोऱ्यातून सरळ गेल्यामुळे वऱ्हाडच्या दोन मोठ्या पेठा बाजूला राहिल्या. अमरावती बडनेऱ्यापासून सुमारे सहा मैल आणि खामगाव जलंबपासून सुमारे आठ मैल, म्हणजे 13 किलोमीटर. आठ मैल हे अंतर आज नगण्य वाटते. परंतु हंगामात जेव्हा शेकडो गाड्या एकाच वाटेवर एकामागून एक लागत, तेव्हा हेच आठ मैल सर्वांत महाग पडत. मुंबईपर्यंतचा पाचशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास सुलभ झाला होता. अडत होते ते पहिल्या पावलाला.

म्हणून जलंब–खामगाव हा शाखामार्ग बांधण्यात आला. तो जी.आय.पी.ने नव्हे, तर सरकारने बांधला, आणि त्याचे नाव 'खामगाव स्टेट रेल्वे' असे होते. हमीच्या पद्धतीवर होणाऱ्या अवाढव्य खर्चामुळे 1869 च्या सुमारास हिंदुस्थान सरकारचे धोरण बदलले आणि काही मार्ग सरकारने स्वतः बांधावेत असे ठरले. खामगावचा फाटा हा या नव्या धोरणाच्या अगदी आरंभीच्या मार्गांपैकी एक. त्यापाठोपाठ 1871 मध्ये बडनेरा–अमरावती शाखा झाली. बांधणी सरकारची असली तरी गाड्या चालविण्याचे काम जी.आय.पी.कडेच होते.

1870 च्या मार्चमध्ये या मार्गाचे उद्घाटन झाले, आणि त्यासाठी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. आठ मैलांच्या लोहमार्गासाठी हिंदुस्थानच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने वऱ्हाडातील एका बाजारपेठेत यावे, याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. त्याच महिन्यात जबलपूर येथे मुंबईकडील आणि कलकत्त्याकडील लोहमार्ग जोडले गेले आणि तो समारंभही मेयोच्या उपस्थितीत झाला. त्यामुळे खामगाव त्याच्या वाटेवर होते, हे खरे. पण तेवढेच कारण नव्हते. मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याची खास 'कॉटन कमिशनर' म्हणून नेमणूक झालेली होती. नुकताच, 1869 च्या नोव्हेंबरमध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता, आणि 1870 मध्येच मुंबई समुद्राखालील तारेने इंग्लंडशी जोडली जाणार होती. खामगावची कापसाची गाठ, जलंबचे स्थानक, मुंबईचे बंदर, सुएझ आणि लिव्हरपूलचा बाजार अशी एक सलग साखळी तयार होत होती. व्हाइसरॉयने उद्घाटन केले ते या साखळीच्या पहिल्या कडीचे.

या मार्गाविषयी एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची आहे. सरकारी मार्गांसाठी मीटर गेज, म्हणजे अरुंद मापाचे रूळ, वापरावेत असा निर्णय याच सुमारास होत होता, कारण त्यात बचत होती. खामगावचा फाटा मात्र जी.आय.पी.प्रमाणेच साडेपाच फुटी रुंद मापाचा ठेवला गेला. त्यामुळे खामगावात भरलेला डबा जलंबला रिकामा न करता थेट मुंबईपर्यंत जाऊ शके. याची तुलना शेजारच्या मूर्तिजापूरशी करून पाहा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी यवतमाळ आणि अचलपूर येथून मूर्तिजापूरला येणारे मार्ग अडीच फुटी रुळांचे झाले. तेथे प्रत्येक गाठ लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागे. लोकांनी 'शकुंतला' म्हणून जिच्यावर प्रेम केले, त्या गाडीची ही व्यापारी बाजू सहसा सांगितली जात नाही.

पेठेचे रूप आणि पेठेची भाषा

रेल्वेमुळे खामगावात यंत्रे आली. पूर्वी लाकडी चरख्यावर घरोघरी सरकी वेगळी केली जाई. हे काम बहुतांशी स्त्रियांचे होते. वाफेवर चालणारे जिन आले आणि हे काम घरातून कारखान्यात गेले. त्यानंतर कापूस दाबून घट्ट गाठी बांधणारे प्रेस आले. सैल कापूस फार जागा अडवतो; रेल्वेच्या डब्यात आणि जहाजाच्या तळघरात जागेचे पैसे पडतात. म्हणून दाबण्याचे यंत्र ही रेल्वेची अपरिहार्य जोडीदारीण ठरली. मुंबईच्या व्यवहारात 392 पौंडांची एक गाठ आणि अशा दोन गाठींची, म्हणजे 784 पौंडांची, एक खंडी असे माप रूढ झाले. दशमान पद्धत येऊन कित्येक दशके लोटली, तरी कापसाच्या बाजारात भाव अजूनही खंडीवरच बोलला जातो आणि ती खंडी सुमारे 356 किलोची असते. लिव्हरपूलचा बाजार गेला, त्या काळचे पौंड मात्र खंडीच्या आत शिल्लक आहेत.

मराठीच्या अभ्यासकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. 'आगगाडी' हा शब्द मराठीने स्वतः घडविला. 'फलाट' हा प्लॅटफॉर्मला मराठी तोंडाने दिलेला आकार. रूळ बदलणाऱ्या कामगाराला 'सांधेवाला' हे अतिशय समर्पक नाव मिळाले. वऱ्हाडी बोलीत 'टेसन' आहे, आणि 'जिनात कामाले जाते' असे वाक्य आजही सहज ऐकू येते. त्यातील 'जिन' हे मूळ इंग्रजी आहे याची बोलणाऱ्याला आठवण नसते. त्याउलट अडत, अडत्या, दलाल, मापारी, हमाल हे शब्द रेल्वेच्या आधीपासून पेठेत होते आणि रेल्वेनंतरही तसेच राहिले. यंत्राचे शब्द नवे आले, शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामधल्या माणसांचे शब्द जुनेच राहिले. शब्दसंग्रहातील ही नोंद अर्थव्यवस्थेच्या इतिहासालाही उपयोगी पडावी.

शेतकऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. बाजार जवळ आला, रोख पैसा हाती खेळू लागला, हे निश्चित. पण रोख पैशाबरोबर रोख सारा आणि सावकाराचे कर्जही आले. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने 1850 ते 1900 या काळातील वऱ्हाडचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले आहे की, कापसाच्या या विस्ताराने वऱ्हाडचा शेतकरी दुष्काळापुढे अधिक दुबळा झाला. सर्व अभ्यासकांना हे मत जसेच्या तसे मान्य होईल असे नाही. तरी 1899–1900 च्या, लोक ज्याला 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत, त्या आपत्तीकडे पाहिले तर त्यातील तथ्य जाणवते. रेल्वे धान्य आणू शकत होती आणि तिने ते आणले. परंतु स्थानकात धान्य उतरणे आणि माणसाच्या ताटात भाकरी पडणे यांत दोन गोष्टी आड येतात : ते विकत घेण्यास पैसा हवा, आणि स्थानकापासून गावापर्यंत गाडी ओढणारे बैल जिवंत हवेत. चाऱ्याअभावी दुष्काळात बैल आधी मरतात. घाटावरच्या गावांसाठी ही दुसरी अट पहिलीइतकीच कठोर होती.

घाटावरचा जिल्हा

आता आपण पुन्हा नकाशाकडे येऊ. इंग्रज अधिकाऱ्यांनी जिल्ह्याचे ठाणे बुलढाण्याला ठेवले. पठारावरची थंड, निरोगी हवा त्यांना मानवली. कापूस आणि गाड्या खालीच राहिल्या. मलकापूर स्थानकावर उतरून मोताळा मागे टाकीत राजूर घाट चढायचा आणि सुमारे 45 किलोमीटर चालून कचेरी गाठायची, हा बुलढाण्याला येणाऱ्या प्रत्येकाचा क्रम होता. ज्या काळी खामगावला व्हाइसरॉय आला, त्या काळी खामगाव बुलढाणा जिल्ह्यात नव्हतेच. ते अकोला जिल्ह्यात होते. 1905 च्या पुनर्रचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. म्हणजे ज्या दोन भागांना रेल्वेने आधीच वेगळ्या दिशांना वळविले होते, ते शासनाने नंतर एका जिल्ह्यात बांधले.

पठाराच्या दक्षिणेलाही याच सुमारास लोहमार्ग आला. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड मार्गे 1900 च्या आसपास पूर्ण झाली. ती मीटर गेज होती. उत्तरेला जी.आय.पी.चे खामगाव, दक्षिणेला निजामाचे जालना. मध्ये चिखली, मेहकर आणि देऊळगाव राजा यांचे पठार. दोन्ही टोके जोडली का गेली नाहीत? प्रस्तुत लेखकाच्या मते याची कारणे तीन आणि तीही एकमेकांत गुंतलेली आहेत. डोंगर चढण्याचा खर्च हे पहिले. दोन मार्गांची मापे भिन्न असल्याने जोडूनही डबे पुढे गेले नसते, हे दुसरे. तिसरे कारण अधिक खोल आहे : प्रत्येक मार्ग आपापल्या दिशेने माल खेचण्यासाठी बांधलेला होता. आडवा मार्ग लोकांच्या सोयीचा झाला असता, पण वसाहतीच्या व्यापाराला त्याची निकड नव्हती.

पुढे कारभार बदलत गेला. 1900 मध्ये सरकारने जी.आय.पी. विकत घेतली, 1925 मध्ये तिचे व्यवस्थापनही हाती घेतले, आणि 1951 मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली. शेगावसारख्या स्थानकाचे स्वरूपच पालटले. संत गजानन महाराजांनी 1910 मध्ये समाधी घेतल्यानंतर शेगाव तीर्थक्षेत्र म्हणून वाढत गेले आणि कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून भाविकांची रीघ लागली. जालन्याकडील मार्गही 1990 च्या दशकात रुंद मापाचा झाला, म्हणजे वर सांगितलेल्या तीन कारणांपैकी दुसरे कारण नाहीसे झाले.

खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे. तिच्यासाठी निवेदने गेली, आंदोलने झाली, सर्वेक्षणे झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडणुकांच्या सभांतून तिचा उच्चार होत राहिला. विरोधात वारंवार मांडला जाणारा मुद्दा परताव्याचा आहे : या मार्गावर पुरेसा माल आणि प्रवासी मिळतील काय? हा प्रश्न अयोग्य नाही. मात्र 1870 मध्ये खामगावचा फाटा बांधताना हाच प्रश्न लिव्हरपूलच्या बाजूने विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. जलंबहून निघणारी गाडी आजही तेरा किलोमीटर चालून खामगावच्या फलाटाला लागते आणि परत फिरते. पुढे रूळ नाहीत. चिखलीचा प्रवासी घाट उतरून मलकापूर किंवा शेगावला येतो, देऊळगाव राजाचा प्रवासी जालना गाठतो, आणि दोघेही एकाच जिल्ह्याचे रहिवासी असून दोन वेगळ्या रेल्वे विभागांच्या गाड्या धरतात.